एका रात्रीत उभा राहणारा किल्ला



या व्याख्यानमालेतील आजच्या पुष्पाचा विषय वरवर पाहता थोडा विचित्र वाटेल. नव्या शस्त्रांनी खंदकातील लढाईचे स्वरूप कसे पालटले, हे शाळेतील मुलामुलींना कसे शिकवावे, असा हा विषय आहे. मुलांना शस्त्रांविषयी शिकवायचेच कशाला, असा प्रश्न सभागृहातील काही पालकांच्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. मात्र शस्त्रांविषयी शाळेत आजही शिकवले जाते, आणि ते वाईट रीतीने शिकवले जाते. पहिल्या महायुद्धाचा पाठ ठरावीक वळणाने जातो : ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या, दोन गटांतील देशांची नावे, मग मशीनगन, विषारी वायू, रणगाडे, विमाने आणि पाणबुड्या यांची एका दमात केलेली यादी, आणि अखेरीस व्हर्सायचा तह. यादीवर एका गुणाचा प्रश्न येतो, विद्यार्थी तो गुण मिळवतो, आणि चार वर्षे लाखो माणसे जमिनीत खड्डे खणून त्यांत का बसली, हा खरा प्रश्न त्याच्या मनात उभाच राहत नाही.

तो प्रश्न महाराष्ट्रातील मुलांपुढे मांडणे तुलनेने सोपे आहे, कारण त्यांना किल्ला आणि वेढा या दोन गोष्टी लहानपणापासून ठाऊक असतात. वेढा घालणारे सैन्य मोर्चे बांधते, नागमोडी चर खणत तटाच्या जवळ जाते, सुरुंग लावते; आतले सैन्य तटाच्या आडून मारा करते. औरंगजेबाच्या फौजेने १७०० साली साताऱ्याच्या किल्ल्याला सुरुंग लावला, तेव्हा स्फोटाने उडालेला कडा वेढा घालणाऱ्यांवरच कोसळला आणि मोगलांचीच मोठी हानी झाली, ही हकीकतही अनेकांनी ऐकलेली असते. या जुन्या युद्धपद्धतीत किल्ला बांधायला वर्षे लागत, आणि चर खणणारा असे तो हल्ला करणारा. १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्स आणि बेल्जियममध्ये हे गणित उलटले. फावडे, वाळूची पोती आणि काटेरी तारेची भेंडोळी एवढ्या सामग्रीवर शिपायांची एक तुकडी उघड्या शेतात एका रात्रीत असा किल्ला उभा करू लागली, की तो घ्यायला दिवसभराची तोफांची सरबत्ती अपुरी पडावी. उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर लांबीची अशी तटबंदी समोरासमोर दोन ओळींत उभी राहिली. वेढा कोणी कोणाला घातला? दोघांनी एकमेकांना.

हे कशामुळे घडले? खंदक हा मागासलेपणाचा अवशेष होता आणि नव्या शस्त्रांनी तो मोडून काढला, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती चुकीची आहे. तो खंदक नव्या शस्त्रांनीच जन्माला घातला. हायरम मॅक्सिम याने १८८४ मध्ये तयार केलेल्या मशीनगनमध्ये, गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्याचाच उपयोग पुढची गोळी भरण्यासाठी केलेला होता, त्यामुळे मिनिटाला पाचशेच्या आसपास गोळ्या झाडणे शक्य झाले. फ्रेंचांच्या १८९७ च्या ७५ मिलिमीटर तोफेत तेल आणि दाबलेली हवा यांच्या साहाय्याने नळी मागे सरकून आपोआप जागेवर येई, म्हणून प्रत्येक बारानंतर तोफ नव्याने रोखण्याची गरज उरली नाही. काटेरी तार तर अमेरिकेतील गुराख्यांच्या कामाची वस्तू. जोसेफ ग्लिडन याने तिच्या सुधारित प्रकाराचे पेटंट १८७४ मध्ये घेतले ते गुरे आवरण्यासाठी. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाला जगणे अशक्य झाले, आणि त्याने जमिनीचा आसरा घेतला.

वर्गात हे आकड्यांनी दाखवता येते. दोन खंदकांमधील निर्मनुष्य पट्टा अनेक ठिकाणी दोनशे मीटरच्या आसपास होता. नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यातील बहुतेक शाळांच्या मैदानांना एवढी लांबी नाही, तेव्हा मैदानाच्या दोन-तीन लांब्या चालून अंतर पुरे करावे लागेल. ओझे घेऊन, उखणलेल्या जमिनीवरून तेवढे चालायला तीन मिनिटे लागतात असे धरले, तर त्या वेळात एक मशीनगन दीड हजार गोळ्या झाडू शकते. हा गुणाकार फळ्यावर लिहून शिक्षकाने क्षणभर गप्प राहावे.

खंदकाची आखणीही सांगण्याजोगी आहे. तो सरळ रेषेत कधीच नसे. दर काही मीटरांवर काटकोनात वळे, म्हणजे एका भागात गोळा फुटला किंवा शत्रू घुसला तरी त्याचा मारा लांबवर पोचू नये. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी बांधणी ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. फ्लँडर्सच्या सखल भागात दीड-दोन हात खणले की पाणी लागे, म्हणून तेथे खाली खणण्याऐवजी वाळूची पोती रचून छातीइतका बांध उभारत. ठाण्याच्या खाडीकाठी वाढलेल्या मुलांना हे समजावण्यासाठी चित्राची गरज नाही. इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पावसाळ्यात साचणारे पाणी त्यांनी पाहिलेले असते, आणि खाजणात शेती करणाऱ्या आगरी कुटुंबांतील वडीलधाऱ्यांकडून चिखलाचा बांध कसा घालतात आणि तो एका भरतीत कसा फुटतो, हे त्यांना ऐकायला मिळू शकते.

आता दुसरा मुद्दा. हा किल्ला फोडण्याचे पहिले प्रयत्न ज्यांनी केले, त्यांत महाराष्ट्रातून गेलेले लोक होते. पुण्याजवळच्या खडकी येथे ठाणे असलेल्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या पलटणीच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या हिंदी फौजेच्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या. सॅपर म्हणजे सैन्यातील सुरुंगे आणि बांधकाम करणारे. पूल बांधणे, चर खणणे, अडथळे उडवणे ही त्यांची कामे. या पलटणीत मराठे, शीख आणि मुसलमान शिपाई असत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल या गावावरील हल्ल्यात, पायदळ अपुरे पडल्यामुळे, या कारागीर शिपायांनाच संगिनी लावून पुढे धाडण्यात आले. घराघरातून लढत ते गावात शिरले, पण त्यांना मागे हटावे लागले आणि दोन्ही कंपन्यांचे बहुतेक सर्व ब्रिटिश अधिकारी मारले गेले वा जखमी झाले. वर्षानुवर्षांच्या प्रशिक्षणाने तयार झालेले हात असे एका दिवसात खर्ची घालणे हा अपव्यय होता, हे म्हणायला शंभर वर्षांनंतर संकोच करण्याचे कारण नाही.

त्या हिवाळ्यात हिंदी फौजेजवळ हातबॉम्ब नव्हते, उखळी तोफा नव्हत्या, आणि पायदळाच्या प्रत्येक पलटणीला मशीनगन होत्या त्या दोन. समोर जर्मनांजवळ हे सारे होते. तेव्हा सॅपर मंडळींनी मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक द्रव्य आणि लोखंडाचे तुकडे भरून, वात लावून हातबॉम्ब बनवले. वात किती लांब ठेवायची, हा प्रश्न जीवनमरणाचा होता : आखूड राहिली तर फेकणाऱ्याच्याच हातात फुटणार, लांब राहिली तर शत्रू तो डबा उचलून परत फेकणार. विज्ञानाच्या शिक्षकांना यातून ज्वलनाचा वेग शिकवता येईल. इतिहासाच्या शिक्षकांनी मात्र एवढे दाखवावे की तंत्रज्ञान दर वेळी कारखान्यातूनच रणांगणावर येते असे नाही. काटेरी तार उडवण्यासाठी वापरलेली, एकात एक जोडत पुढे सरकवायची स्फोटकांची लांब नळी हिंदुस्थानातच, बंगलोरच्या सॅपर पलटणीत, १९१२ मध्ये तयार झाली होती, आणि जगभरच्या सैन्यांत ती आजही बंगलोर टॉर्पेडो याच नावाने ओळखली जाते.

१० मार्च १९१५ रोजी त्याच न्यूव्ह शापेलवर पुन्हा हल्ला झाला. या वेळी ब्रिटिश आणि हिंदी फौजा खांद्याला खांदा लावून होत्या. तीनशेंहून अधिक तोफांनी ३५ मिनिटे मारा केला आणि काही तासांत गाव हाती आले. मग अडले कुठे? टेलिफोनच्या तारा गोळ्यांनी तुटल्या होत्या, पुढची बातमी मागे आणि मागचा हुकूम पुढे पोचायला तासन्‌तास लागत होते, आणि तेवढ्या अवधीत जर्मनांनी कुमक आणून मागे नवी फळी उभी केली. तीन दिवसांनी लढाई थांबली तेव्हा हिंदी फौजेतील मृत आणि जखमी मिळून चार हजारांवर गेले होते. किल्ल्यात शिरणे आणि किल्ला जिंकून पुढे जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील दुसरी गोष्ट शस्त्राइतकीच निरोप पोचण्यावर अवलंबून असते. हा फरक ज्या विद्यार्थ्याला कळला, त्याला पुढची साडेतीन वर्षे समजली असे मानायला हरकत नाही.

तिसरा मुद्दा या साडेतीन वर्षांतील नव्या शस्त्रांचा. येथे यादीचा मोह टाळून प्रत्येक शस्त्रापुढे एकच प्रश्न ठेवावा : हे कोणत्या अडचणीवरचे उत्तर होते, आणि त्या उत्तराने कोणती नवी अडचण आणली? २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनांनी बेल्जियममधील ईप्रजवळ क्लोरीन सोडला. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून तो पावसाच्या पाण्यासारखा सखल जागी उतरतो. गोळीपासून वाचवणारा खंदक वायूला मात्र आमंत्रण देतो. चारच दिवसांनी लाहोर डिव्हिजनलाही त्याच रणांगणावर या वायूला तोंड द्यावे लागले. सुरुवातीला ओले फडके तोंडाला बांधणे एवढाच उपाय होता, पण वर्षभरात चांगले मुखवटे आले आणि वायूचा पहिला धाक ओसरला. सप्टेंबर १९१५ मध्ये लूस येथे ब्रिटिशांनी सोडलेला वायू वाऱ्याने काही ठिकाणी त्यांच्याच शिपायांवर परत आला. सातारच्या सुरुंगाची आठवण येथे कोणाला झाली, तर ती अस्थानी नाही. वायूने मेलेल्यांचे प्रमाण तोफगोळ्यांनी मेलेल्यांच्या मानाने फार थोडे होते. तरी त्याची दहशत आणि त्यामागची नीती, म्हणजे रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतून थेट खंदकात यावे काय, हा विषय वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे.

रणगाड्याविषयी मुलांना सर्वांत अधिक कुतूहल असते, म्हणून त्याचे खरे माप सांगणे आवश्यक. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईत तो प्रथम आला, तेव्हा ४९ रणगाड्यांपैकी बरेच हल्ल्याच्या रेषेपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे शाळेला उशीर झालेल्या मुलाच्या चालीइतका. त्याचे इंग्रजी नाव टँक. गुपित फुटू नये म्हणून ही पाण्याची टाकी आहे, असे सांगितले जाई. ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाणी वाहून नेण्यासाठी आहे, अशीही वार्ता पसरवलेली होती. आता हा टँक शब्द इंग्रजीत आला कोठून? तो पश्चिम हिंदुस्थानातील गुजराती-मराठी टाके, टांकी या शब्दांवरून गेला असावा, असे अनेक कोशकारांनी म्हटले आहे. पोर्तुगीज शब्दाशीही त्याचा संबंध जोडतात. मत कोणतेही घ्या, गडावर सहलीला गेलेल्या मुलांना कातळात खोदलेले पाण्याचे टाके दाखवून रणगाड्याचे नाव याच्याच कुळातले असावे असे सांगितले, तर ती ते जन्मभर विसरणार नाहीत.

याहून महत्त्वाची शस्त्रे मात्र डोळ्यांत भरणारी नव्हती. १ जुलै १९१६ रोजी सोमवर एकाच दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, त्यांपैकी १९,२४० मरण पावले. आणि हे आठवडाभर सुमारे १५ लाख गोळे डागल्यानंतर! गोळे गेले कुठे? त्यांतील पुष्कळसे हवेत फुटून छर्रे उडवणारे होते. छर्ऱ्यांनी माणूस मरतो, तार तुटतेच असे नाही. जमिनीवर आदळणारे गोळे आधी चिखलात रुतत आणि मग फुटत, त्यामुळे तार वर उडून पुन्हा तशीच गुंत्यात पडे. १९१७ मध्ये स्पर्श होताक्षणी गोळा फोडणारा १०६ क्रमांकाचा फ्यूज, म्हणजे गोळ्याच्या टोकाची स्फोटाची कळ, मोठ्या प्रमाणात आला आणि तारा कापल्या जाऊ लागल्या. बोटभर लांबीच्या या यंत्राला पाठ्यपुस्तकात ओळभर जागा मिळत नाही, हे खेदाचे आहे.

दुसरे असे साधन म्हणजे ध्वनीवरून तोफ शोधण्याची पद्धत. वयाच्या पंचविशीत, १९१५ साली, वडिलांसह नोबेल पारितोषिक मिळवणारे लॉरेन्स ब्रॅग हे त्याच वर्षी या कामासाठी आघाडीवर होते; त्यांचा धाकटा भाऊ त्याच सुमारास गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. पद्धत अशी : आघाडीमागे काही किलोमीटरच्या ओळीत सहा श्रवणयंत्रे ठेवायची, शत्रूच्या तोफेचा आवाज प्रत्येकाला किती फरकाने पोचतो ते चालत्या फिल्मवर नोंदवायचे, आणि त्या फरकांवरून तोफेची जागा नकाशावर काढायची. तोफेचा खोल घुमणारा नाद साध्या यंत्राला नीट पकडता येत नसे. तापलेली बारीक तार त्या नादाच्या झुळुकीने क्षणभर थंड होते, या गुणावर विल्यम टकर यांनी नवे यंत्र बसवले आणि अडचण सुटली.

याचा प्रयोग शाळेत होऊ शकतो काय? अंशतः. एका मुलाने मैदानाच्या कोपऱ्यात थाळी वाजवावी, इतर तिघांनी वेगवेगळ्या अंतरांवर उभे राहून घड्याळाची कळ दाबावी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून शंभर मीटरच्या अंतराने जेमतेम ०.३ सेकंदाचा फरक पडतो, आणि माणसाचा हात तेवढा चपळ नसल्याने तिघांची उत्तरे हमखास चुकतात. प्रयोग फसतो, आणि तो फसावा हेच इष्ट आहे. हाताऐवजी फिल्म का लागली, हे त्या फसण्यातून मुलांना उमगते. इतिहास, भौतिकशास्त्र आणि भूमिती यांचे तास एकाच दिवशी एकमेकांना भेटावेत, अशी संधी अभ्यासक्रमात फार वेळा येत नाही.

या पद्धतीमुळे आणि विमानातून घेतलेल्या छायाचित्रांमुळे चाचणीचा एकही गोळा न टाकता, नुसत्या नकाशावरून तोफा रोखता येऊ लागल्या. २० नोव्हेंबर १९१७ रोजी कॅम्ब्रे येथे पूर्वसूचना न देता तोफखान्याने मारा सुरू केला आणि चारशेंहून अधिक रणगाडे एकदम पुढे गेले. दहा दिवसांनी जर्मनांनी या हल्ल्यात गमावलेली बरीच जमीन परत घेतली. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियां येथे तोफा, रणगाडे, विमाने आणि हलक्या मशीनगन घेतलेले पायदळ यांचा मेळ असा बसला, की एका दिवसात सुमारे तेरा किलोमीटर मुसंडी मारली गेली. खंदक कोणी मोडला, या प्रश्नाचे ‘रणगाड्याने’ हे उत्तर म्हणूनच चूक ठरवावे, निदान अर्धाच गुण द्यावा.

हे सारे पश्चिम आघाडीवर घडले. नवे शस्त्र जेथे पोचलेच नाही तेथे काय झाले? हिंदी फौजेची सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात बगदादच्या दिशेने धाडली गेली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे रोखले गेल्यावर हे सैन्य तैग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कुत या गावी मागे आले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी त्याला वेढले. तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला खंदक. उखळी तोफ नव्हती, म्हणून विमानाच्या इंजिनाचा सिलिंडर काढून त्याची तोफ बनवली गेली. दळण दळायला साधन नव्हते, म्हणून विमानांनी वरून जात्याचे दगड टाकले. विसाव्या शतकातील यंत्र आकाशातून जाते टाकते आहे आणि खाली घाटावरचा शिपाई ते उचलतो आहे : या एका दृश्यात त्या मोहिमेची सारी दैना दिसते. सुटकेसाठी आलेल्या फौजा नदी आणि दलदल यांच्यामधील अरुंद पट्टीतल्या तुर्की खंदकांवर पुन्हा पुन्हा आदळल्या. वळसा घालायला जागा नाही, पुरेशा अवजड तोफा नाहीत. २९ एप्रिल १९१६ रोजी कुतने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० लोक कैदेत गेले, त्यांतील बहुसंख्य हिंदी होते, आणि वाळवंटातील पायपिटीत व छावण्यांत त्यांतले हजारो मेले. शस्त्रांइतकाच साध्या शिपायांचा पुरवठाही सरकारला कमी पडू लागला, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरती बंद केलेल्या महारांची १११ क्रमांकाची पलटण १९१७ मध्ये उभारण्यात आली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली गेली. हा भागही पाठात हवा.

हे सर्व कोपरखैरण्यातच का सांगायचे? येथील सेक्टरांमध्ये माथाडी कामगारांची कितीतरी कुटुंबे राहतात, आणि त्यांची मूळ गावे सातारा, पाटण, जावळी, जुन्नर या पट्ट्यात आहेत, जेथून मराठा पलटणींची भरती होत असे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावचे ४६ शिपाई पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावापुढे मिलिटरी हा शब्द जोडला गेला. अशा अनेक गावांत चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रज सरकारने बसवलेली संगमरवरी शिळा असते. तिच्यावर नावे नसतात. या गावातून महायुद्धात किती माणसे गेली आणि किती परत आली नाहीत, एवढे दोन आकडे असतात. इराकमधील बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही साध्या हिंदी शिपायांची नावे कोरलेली नव्हती, प्रत्येक पलटणीपुढे संख्याच होती. नावे होती ती छापील नोंदवहीत. ती नोंदवही आता राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने सर्वांसाठी खुली केलेली आहे, आणि तीत शिपायाच्या नावापुढे अनेकदा वडिलांचे नाव, गाव आणि तालुकाही दिलेला आढळतो.

मे महिन्याच्या सुट्टीत मुले गावी जातील. शिक्षकांनी त्यांना वहीचे एक पान कोरे ठेवायला सांगावे. गावातील शिळा शोधून तिच्यावरचे दोन्ही आकडे त्या पानावर उतरवून आणावेत, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्या गावाचे नाव वर्गाने मिळून नोंदवहीत शोधावे.